कपाट आवरायला काढलं आणि...

आज सुट्टी, म्हणून पुस्तकांचं कपाट आवरायला घेतलं आणि दुपारी तीन वाजता मी फरशीवर फतकल मारून वाचत बसलेलो, बायको म्हणाली आवरतोयस की पसरतोयस 😄

झालं काय, एकामागून एक नॉनफिक्शन पुस्तकं हाताला लागली. आधी गोडसे भटजींचं 'माझा प्रवास'. दक्षिणा मिळवायला पेणजवळच्या वरसईहून उत्तरेत निघालेला हा भिक्षुक नेमका 1857 च्या धामधुमीत सापडला, झाशीला वेढा पडला तेव्हा हा माणूस आत शहरात! इतिहास कंटाळवाणा वाटणाऱ्यांनी इथून सुरुवात करा राव. छापून आलं ते थेट 1907 मध्ये.

मग दुर्गाबाई भागवतांचं 'ऋतुचक्र', बारा महिन्यांच्या निसर्गावरचं, तेव्हा महिन्यामहिन्याने वाचायचं, एका बैठकीत संपवू नका प्लीज. आणि कमलाबाई ओगल्यांची 'रुचिरा', आमच्या प्रतीच्या कव्हरला हळदीचा अंगठा उमटलाय आईचा, शंकरपाळ्याचं पान तर सुटंच झालंय. प्रमाण वाटी-चमच्यात, त्यामुळे होस्टेलवर माझ्यासारख्यालाही जमलं, तेव्हा हेही नॉनफिक्शनच, वाद घालू नका.

कपाट अजून तसंच आहे. शेती, पैसे, विज्ञान यातलं तुमच्याकडे काही भारी असेल तर कमेंटमध्ये टाका, पण स्वतः वाचलेलंच हं.