दिग्दर्शन शिकायचंय? आधी हे विचारा

माहितीपत्रकातले विषय नंतर वाचा. आधी विचारा, स्वतःचं नाटक किती वेळा बसवायला मिळतं, आणि नट, तालमीची जागा, दिवे कोण देतं? काही ठिकाणी दिग्दर्शनाचा पेपर असतो, पण प्रयोग शेवटच्या सत्रात एकच, तोही घाईत. मग नटांच्या हालचाली बसवता येतात. क्यूशीट (कोणत्या क्षणी कोणता दिवा, कोणता आवाज, याची यादी) लिहिणं, दिवे-आवाज जुळवायची तांत्रिक तालीम रेटणं मात्र राहून जातं, आणि ऐन प्रयोगात दिवा उशिरा पडतो.

दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयात पदवीनंतर तीन वर्षं. पहिलं सामाईक, पुढे अभिनय किंवा डिझाइन-दिग्दर्शन. पुण्याच्या ललित कला केंद्रात बारावीनंतरही जाता येतं. मुंबई विद्यापीठाची नाट्य अकादमी (अकॅडमी ऑफ थिएटर आर्ट्स) कलिन्याला.

प्रवेशाआधी तिथल्या विद्यार्थ्यांचा प्रयोग बघाच. दिवे विद्यार्थी चालवतायत की बाहेरून आणलेला माणूस, तेही बघा.