भिंगरीचे बूट

घोडीचं नाव भिंगरी ठेवलं तेव्हा ते तिच्या बुटांनाही लागू पडेल असं वाटलं नव्हतं. नव्या कोऱ्या बुटांची पहिली फेरी होती. दुडक्या चालीत एक वळण घेतलं आणि ती एकदम अडखळली. उतरून पाहते तर डाव्या पुढच्या पायातला बूट खुराभोवती गर्रकन फिरून बक्कल मागे आणि टाच पुढे. उजवा पाय पाहिला, तर त्यात बूटच नव्हता. तो मागे कुठेतरी चिखलात राहिला होता. एका हातात लगाम, दुसऱ्या हातात उरलेला बूट, असं आल्या वाटेने पाऊण तास शोधत फिरले.

त्या संध्याकाळी मी त्या बुटांना मनसोक्त शिव्या घातल्या. बूट चांगले होते, हे कळायला दोन महिने गेले. घोडं पेंड खात होतं ते माझ्या मोजपट्टीत.

भिंगरीचे नाल काढून तेव्हा सात महिने झाले होते. मऊ मातीवर ती झकास चालायची, पण खडी आली की मान खाली घालून रस्त्याची कड शोधायची. हे होणारच. खुराची भिंत वरून खाली वाढते, महिन्याला साधारण 6 ते 10 मिलिमीटर. चवड्याला केसांच्या कडेपासून जमिनीपर्यंत नवी भिंत पोचायला 9 ते 12 महिने लागतात. तळवा जाड व्हायलाही वेळ लागतो. तोवर खडीवर जायचं तर पायात काहीतरी हवं. खूर तासायला येणाऱ्या काकांनीच सांगितलं होतं, "खडीवर जायचंय तेव्हा घाल, आल्यावर काढ. मोजायच्या आधी मला बोलव."

मी त्यांना बोलावलं नाही. शिवणकामाची कापडी टेप घेतली, भिंगरीचा पाय गुडघ्यावर घेतला आणि चवड्यापासून अगदी मागच्या टोकापर्यंत लांबी मोजली : 137 मिलिमीटर. रुंदी भरली 124. तेव्हा खूर तासून सहा आठवडे होऊन गेले होते. तक्त्यात पाहिलं, मागवले. बूट आल्यानंतर चार दिवसांनी काका आले आणि खूर तासून गेले. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच.

काकांनी त्यांची स्टीलची पट्टी लावली तेव्हा आकडे निघाले 118 रुंद, 120 लांब. लांबीत 17 मिलिमीटरचा घोळ! काही भाग सहा आठवड्यांच्या वाढीचा. भिंत उतरती असते, त्यामुळे खूर वाढतो तसा खाली पसरतही जातो. पण मोठी चूक टाचेची होती. खुराची भिंत मागे जाऊन आत वळते, आणि ते वळण जिथे शेवटचं जमिनीला टेकतं तिथे खूर संपला असं मोजायला धरायचं. दोन्ही बाजूंच्या त्या बिंदूंवर आडवी पट्टी ठेवायची आणि चवड्याच्या टोकापासून त्या पट्टीपर्यंत मोजायचं. त्यामागे जे दोन मऊ, फुगीर गोळे दिसतात ते टाचेचेच, पण मापात धरायचे नाहीत. मी ते धरले होते. रुंदी जिथे खूर सर्वांत रुंद तिथे, तीही सरळ पट्टीने. कापडी टेप खुराच्या उंचसखल तळव्यावर वाकते आणि आकडा फुगवते. कागदावर पाय ठेवून पेन्सिल फिरवायची कल्पनाही मी करून पाहिली. पेन्सिल तिरकी धरली की प्रत्येक बाजूला दोन-तीन मिलिमीटर वाढतात. आकार बघायला तो कागद चांगला, मापाला नाही.

आणि चारही पाय मोजायचे. भिंगरीचा उजवा पुढचा डाव्यापेक्षा 3 मिलिमीटर रुंद निघाला. मला धक्का बसला, काकांना नाही. ते म्हणाले, "तुझ्या तरी दोन्ही चपला सारख्या झिजतात का?"

आता आकाराबद्दल, कारण दोन्ही आकडे तक्त्यात बसले तरी बूट बसेलच असं नाही. पुढचा खूर साधारण गोलसर असतो, मागचा अरुंद आणि चवड्याला निमुळता. भिंगरीचा डावा पुढचा 118 बाय 120, म्हणजे जवळजवळ गोल. अशा खुरावर लांबट साच्याचा बूट रुंदीला गच्च आणि चवड्याला पोकळ बसतो. बूट बनवणाऱ्या प्रत्येकाच्या मनातला खूर वेगळा असतो, असं मला आता वाटतं. कॅनडाच्या कॅव्हालोचे बूट पुढून ऐसपैस उघडतात आणि वेल्क्रोने बंद होतात. टास्मानियाच्या स्कूट बूटला पाणी निघून जायला मोकळ्या खिडक्या आहेत. अ‍ॅरिझोनातल्या रेनेगेडचा टाचेचा भाग वेगळा, पायाबरोबर हलणारा. नॉर्वेच्या इक्वाइन फ्यूजनचे बूट माणसाच्या धावायच्या बुटांसारखे मऊ. इझीबूट ग्लव्ह नावाप्रमाणेच हातमोज्यासारखा खुरावर ताणून बसतो. यातला चांगला कोणता, हे मला विचारू नका. तुमच्या घोड्याच्या खुराचा आकार कळल्याशिवाय कुणीच ते सांगू शकणार नाही, आणि सांगत असेल तर त्याच्या घोड्याला जो बसला तोच सांगत असेल.

(घोड्याला काढता-घालता येणारं पादत्राण ही काही आजची टूम नाही. रोमन काळातल्या लोखंडी हिप्पोसँडल संग्रहालयांत आहेत. तळाला पत्रा, वर वळवलेल्या कडा. आणि गवत कापायची यंत्रं घोडी ओढायची तेव्हा हिरवळीवर टापांचे खळगे पडू नयेत म्हणून त्यांच्या पायांत चामड्याचे मोठाले बूट घालत. त्या तट्टांचे बूट फिरत असतील का, हा विचार मी त्या चिखलात उभी असताना केला नव्हता. नंतर बरेचदा केला.)

तर दुसरी जोडी. दुधाने तोंड पोळलेलं, त्यामुळे यावेळी मुद्दाम एक माप लहान घेतलं. रबरी हातोड्याने ठोकून चढवले. खूर पूर्ण तळापर्यंत गेलाच नाही, टाच थोडी वर राहिली. पण बूट हलत नव्हते, आणि मला तेवढंच हवं होतं. दोन तासांच्या रपेटीत एकदाही निघाले नाहीत. घरी येऊन काढले तर दोन्ही टाचांच्या गोळ्यांवरचे केस गेलेले आणि त्वचा लालबुंद. भिंगरीने पाय झटकला तेव्हा मला स्वतःचीच लाज वाटली.

काका जखम बघून म्हणाले, "सैल बूट हरवतो, घट्ट बूट काचतो. हरवलेला परवडला."

खूर म्हणजे लाकडाचा ठोकळा नाही, ही गोष्ट मला तेव्हा नीट कळली. पायावर भार आला की खुराचा मागचा भाग किंचित पसरतो, भार गेला की पूर्ववत होतो. बुटाने ही जागा ठेवली नाही तर प्रत्येक पावलाला टाच बुटाच्या कडेवर घासते. आणि खूर तळापर्यंत बसला नसेल तर बुटाची वरची कड जिथे यायला हवी त्याच्यापेक्षा वर येते आणि मऊ त्वचेला लागते.

तिसऱ्या वेळी शहाणपण सुचलं. काही विक्रेते नुसती रबरी कवचं चाचणीसाठी पाठवतात, वरचा पट्टा-बक्कल काही नसलेली, लागोपाठच्या तीन मापांची. ती मागवली, तीही खूर तासल्यानंतर तिसऱ्या दिवशी. यात खरी मेख आहे. पट्टा नसला की बूट खोटं बोलू शकत नाही. पट्टा आवळून कोणताही बूट पाच मिनिटं पायात ठेवता येतो. पहिल्या जोडीला मी तेच करत होते : फिरला की आणखी एक भोक घट्ट. पण जो बूट खुराला धरत नाही तो पट्ट्याने मनगट धरल्यासारखा लोंबकळतो आणि पट्टा काचायला लागतो. मोठ्या वेल्क्रोच्या बुटांत थोडी मोकळीक चालते, त्यांची घडणच तशी आहे. तरीही पट्ट्याचं काम बूट जागेवर ठेवायचं, मापाची चूक झाकायचं नाही.

मधलं कवच चढवलं. पहिला प्रयत्न हाताने, मग हातोड्याचे दोन हलके ठोके, आणि बसलं. मग काकांनी भिंगरीचा दुसरा पुढचा पाय उचलून धरला, म्हणजे पुढचा सगळा भार या पायावर आला. पुढे असलेली व्ही आकाराची फट थोडी उघडली. या प्रकारच्या बुटात ती थोडी उघडायलाच हवी. अजिबात उघडली नाही तर बूट मोठा, फाकून राहिली तर लहान. चवड्यापाशी खूर आणि बूट यांच्यात पोकळी आहे का ते चाचपलं. चवडा मागे राहिला तर पाऊल उचलताना बुटाचं टोक लांब पडतं आणि घोडं ठेचकाळतं, शिवाय मागून येणारा पाय पुढच्या बुटाच्या टाचेवर पडायची भीती. मग पाय उचलून बूट दोन्ही हातांनी पिळून पाहिला. जरासा हलला, पण फिरला नाही.

त्यानंतर पांढऱ्या मार्करने बुटावरून खुराच्या भिंतीवर एक उभी रेघ ओढली. सरळ रेषेत चाल, मग दुडकी, मग दोन्ही बाजूंना लहान गोल, मग उतार. बूट फिरतो तो बहुतेक वळणावर, हे मी चिखलात शिकले होते. परत आल्यावर रेघेचे दोन तुकडे समोरासमोर होते. एवढा आनंद मला शाळेत गणिताचा पेपर सोडवूनही झाला नव्हता.

काकांना मात्र रेघेपेक्षा चालीत जास्त रस होता. मोबाइलवर पाय जवळून टिपला आणि सावकाश लावून पाहिलं. अनवाणी खडीवर ती चवडा आधी टेकवत होती, बुटात टाच आधी. "हे बघ," ते म्हणाले, "आता ती पाऊल टाकायला घाबरत नाही."

पहिल्या फेऱ्या वीस मिनिटांच्या ठेवल्या. प्रत्येक वेळी काढल्यावर केस उलटे झालेत का, त्वचा गरम लागते का, हे बोटांनी पाहिलं. डोळ्यांना दिसायच्या आधी बोटांना कळतं. दुसऱ्या जोडीच्या जखमा पूर्ण भरल्याशिवाय तिच्या पायात काही घातलं नव्हतं, हेही सांगून ठेवते.

आत गादी घालायची का, हा प्रश्न येतोच. पातळ तळव्याच्या किंवा खुराला आतून सूज येऊन गेलेल्या घोड्यांना तिचा उपयोग होतो. पण गादी जागा खाते. गादीशिवाय जो बूट नेमका बसला त्यात 6 मिलिमीटरची गादी टाकली की खूर वर उचलला जातो आणि सगळं गणित बदलतं. गादी घालायची असेल तर चाचणीही गादीसकटच करा. आम्ही घातली नाही.

रपेट संपली की बूट काढायचे, धुवायचे, वाळवायचे. ओल्या बुटात खूर तासन् तास राहिला की तळाच्या त्रिकोणी मऊ भागाच्या, म्हणजे फ्रॉगच्या, खाचा कुजायला लागतात आणि तो वास एकदा आला की विसरता येत नाही. रपेटीचे बहुतेक बूट दिवसरात्र पायात ठेवायला बनवलेलेच नसतात. वेल्क्रोवाले असतील तर त्यातलं गवत उपटायला जुना दात घासायचा ब्रश ठेवा. चिखल सुकला की वेल्क्रो पकडत नाही आणि दोष मापावर जातो.

आणि एक वही. माझ्या वहीत प्रत्येक आठवड्याचं माप आहे. तासल्यावर डावा पुढचा 118 रुंद, तिसऱ्या आठवड्यात 120, पाचव्यात 122. पाचव्या आठवड्यात बूट हातोड्याशिवाय ऐकत नाही आणि व्ही जरा जास्त उघडते. आधी आम्ही दर सहा आठवड्यांनी तासत होतो, आता चारवर आणलंय. मध्ये कधी मी कानशीने कडेचे दोन हात मारते, काकांनी दाखवलं तेवढेच. खुराची कड बाहेर फाकलेली असेल तर बूट त्या फाकलेल्या कडेवर बसतो, खुरावर नाही. त्यामुळे बूट बसत नाही अशी तक्रार घेऊन कुणी आलं की काका आधी कानस काढतात.

मागच्या पायांत अजून काही नाही. घोड्याच्या भाराचा साधारण 60 टक्के हिस्सा पुढच्या पायांवर असतो, त्यामुळे पुढचे दोन बूट बरंच काम भागवतात. पण परवा लांबच्या खडीवर ती मागून जपून चालायला लागली, म्हणून काल पट्टी लावली. डावा मागचा 110 बाय 122, उजवा 111 बाय 121. हा लांबट, निमुळता खूर पुढच्यांच्या साच्यात मावणार नाही, आणि मागचे पाय रेटा देताना पिळतात तेही वेगळंच. काका गुरुवारी तासायला येतायत. कवचांची नवी पेटी त्यानंतर दोन दिवसांनी पोचेल असं विक्रेत्याला सांगून ठेवलंय, आधी नको म्हटलं.