आधी पीळ मोजायचा, मग बार लावायचा: आमची वाटचाल

आज लोक आम्हाला स्पोर्ट्स कारच्या चॅसीला ब्रेसिंग करून देणारं, म्हणजे बॉडी पिळू नये म्हणून तिला जास्तीचे बार लावून ताठ करणारं वर्कशॉप म्हणून ओळखतात, पण सुरुवात साध्या फॅब्रिकेशनची होती. रोल केज (गाडी उलटली तर आतल्यांना वाचवणारा पाइपांचा पिंजरा), सीटचे ब्रॅकेट, एक्झॉस्टचे हँगर अशी कामं मी आणि माझा धाकटा भाऊ करायचो. वेल्डिंगवर त्याचा हात बसलेला, मापं आणि हिशेब माझ्याकडे. ट्रॅकवर गाडी पळवणारे केज करून घ्यायला यायचे आणि नंतर भेटले की जवळजवळ सगळे एकच सांगायचे: गाडी वेगळीच वाटते. स्टिअरिंग दिलं की पुढचं टोक लगेच वळतं, मागचं टोक त्याच्या पाठोपाठ येतं, आणि गाडी एका अंगावर स्थिरावेपर्यंत जे क्षणभर थांबायला लागायचं ते आता लागत नाही.

हे ऐकून रोजच्या वापरातल्या गाड्यांचे मालक विचारायला लागले की केज न बसवता एवढं मिळेल का. केज आम्ही रस्त्यावरच्या गाडीला कधीच बसवत नाही. हेल्मेट न घातलेलं डोकं अपघातात त्या पाइपवर आदळलं तर काय होईल, याचा विचार केला की पॅडिंगची हमी पुरेशी वाटत नाही. मग दुसरा मार्ग शोधणं भाग होतं, आणि आमचा खरा धंदा तिथून उभा राहिला.

मुळात गाडीची बॉडी ताठ कशाला हवी, हे आम्ही प्रत्येक गिऱ्हाइकाला समजावून सांगतो. स्प्रिंग आणि शॉकअब्सॉर्बर ज्या जागी बसवलेले असतात ती जागा हलणार नाही, असं धरूनच त्यांची निवड केलेली असते. प्रत्यक्षात बॉडीही थोडी पिळते. म्हणजे बॉडी हीसुद्धा एक स्प्रिंगच झाली, आणि या स्प्रिंगला शॉकअब्सॉर्बर नसतो. महागडं सस्पेन्शन बसवूनही गाडी वळणात संदिग्ध वाटते, जाड अँटिरोल बार (वळणात गाडी कलू नये म्हणून डाव्या-उजव्या चाकांना जोडणारा दांडा) लावूनही म्हणावा तसा फरक पडत नाही, त्यामागे बहुतेकदा हा पीळ असतो. पुढच्या अँटिरोल बारने टाकलेला जोर मागच्या चाकांपर्यंत पोचायच्या आधीच मधल्या बॉडीत जिरतो.

बॉडी ताठ करणारे तयार बार बाजारात भरपूर मिळतात. रंगीत, चकचकीत, बॉनेट उघडलं की दिसणारे. आम्हालाही तेच बनवून विकता आले असते. पण भाऊ एकदा म्हणाला, "दादा, गाडी पिळते कुठे हे बघितल्याशिवाय बार कुठे लावायचा हे ठरवणार कसं?" मग मिळकतीतला बराच भाग आम्ही पीळ मोजायचा जिग, म्हणजे गाडी आवळून धरणारी चौकट, बनवण्यात घातला. नंतर घेतलेल्या कुठल्याही मशीनने आम्हाला एवढं शिकवलेलं नाही.

मोजणी अशी होते. शॉकअब्सॉर्बर काढून त्यांच्या जागी ठोस दांडे घालतो, म्हणजे सस्पेन्शन हलत नाही, हलते ती फक्त बॉडी. मागचे माउंट, म्हणजे सस्पेन्शन बॉडीला जिथे जोडलेलं असतं त्या जागा, जिगला पक्के आवळतो. पुढचे माउंट एका आडव्या बीमवर ठेवतो, आणि हा बीम मधोमध एका पिनवर टेकलेला असतो. बीमच्या एका बाजूला, पिनपासून 2 मीटरवर, 100 किलो वजन टांगलं की बॉडीवर साधारण 1,960 न्यूटन-मीटरचा पीळ येतो. गाडीखाली दोन्ही बाजूंना पुढून मागेपर्यंत डायल गेजच्या जोड्या लावलेल्या असतात. बॉडीचा ताठपणा अंशामागे 10,000 न्यूटन-मीटर असेल, म्हणजे एक अंश पिळायला एवढा जोर लागत असेल, तर पुढचं टोक जवळपास 0.2 अंश फिरतं. मधल्या रेषेपासून 70 सेंटिमीटरवरच्या गेजचा काटा तेव्हा सुमारे 2.4 मिलिमीटर सरकतो. बॉडीचा ताठपणा निम्मा असेल तर काटा दुप्पट सरकतो. डोळ्यांना गाडीत काही झालेलं दिसत नाही, काटे मात्र एकामागोमाग सरकतात.

त्यापेक्षा महत्त्वाचा असतो आलेख. गाडीच्या लांबीवर कुठे किती अंश पीळ पडला ते मांडलं की रेघ कुठे सपाट असते, कुठे एकदम चढते. जिथे चढते तिथे बॉडी मऊ. छप्पर नसलेल्या गाडीत ती दारांच्या जागी चढते, कारण तिथे भार पेलायला खालचे सिल (दारांखालच्या लांब पोकळ पट्ट्या) आणि मधला बोगदा (तळाच्या मधोमध पुढून मागे गेलेला उंचवटा) एवढंच उरतं. मागे मोठं दार असलेल्या गाडीत ती मागच्या शॉकच्या आसपास चढते. अशा गाडीला पुढच्या दोन शॉकटॉवरना (शॉकअब्सॉर्बरचं वरचं टोक जिथे बसतं ते उंचवटे) जोडणारा बार लावून काय साधणार? तिथली रेघ आधीच सपाट आहे.

कंपन्यांनी हेच प्रश्न कसे सोडवले ते बघणं हा आमचा आवडता अभ्यास. 1989 साली माझदाने एमएक्स-5 आणली तेव्हा गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल एका अॅल्युमिनियमच्या चौकटीने जोडले होते, आणि 1994 च्या मॉडेलला कंपनीनेच जास्तीचे ब्रेस दिले. 1996 ची लोटस एलिस अॅल्युमिनियमचे पोकळ तुकडे गोंदाने चिकटवून बनवली होती. चॅसीचं वजन 68 किलोच्या आसपास, आणि ताठपणा वर सांगितलेल्या 10,000 च्या घरात. होंडाच्या एस2000 मध्ये मधला बोगदा उंच घेऊन एक्स आकाराची चौकट केली, म्हणून छप्पर नसतानाही ती गाडी भक्कम वाटते. तिघांनीही लोखंड कुठेही ओतलेलं नाही. जिथून जोर जातो तिथेच धातू ठेवला आहे.

आमच्या बारच्या डिझाइनमागेही हाच विचार आहे. फाटकाच्या चौकटीला तिरकी पट्टी मारली नाही तर ते झुकतं, चारही बाजू कितीही जाड घेतल्या तरी. म्हणून जिथे जागा मिळेल तिथे आम्ही त्रिकोण करतो: शॉकटॉवर एकमेकांना जोडून न थांबता दोन्ही टॉवर मागच्या फायरवॉललाही (इंजिन आणि केबिनमधली भिंत) बांधतो. बार शक्यतो सरळ ठेवतो. सरळ बार ओढला किंवा दाबला जातो आणि त्यात तो फार ताठ असतो. इंजिनला वळसा घालून नेलेला बार मात्र त्या वळणापाशी वाकतो. दोन्ही टोकांना एकेका बोल्टवर फिरणारा बार टॉवरमधलं अंतर राखतो, पण टॉवर कलायला लागला तर त्याला अडवत नाही. आणि ब्रॅकेट! जाड पाइपाला पातळ पत्र्याचं ब्रॅकेट जोडलं की सगळा ताठपणा त्या पत्र्यात हरवतो, म्हणून आम्ही बारइतकाच वेळ ब्रॅकेटवर घालवतो.

अॅल्युमिनियम की स्टील हा प्रश्न रोज येतो. त्याच आकाराच्या पाइपात अॅल्युमिनियमचं वजन साधारण एक तृतीयांश, आणि ताठपणाही एक तृतीयांश. मोठ्या व्यासाला जागा असेल तर अॅल्युमिनियम घ्यावं. गाडीखाली, जिथे जमिनीपासूनचं अंतर वाचवायचं असतं, तिथे मी डोळे झाकून स्टील घेतो.

बार लावताना गाडी सपाट जमिनीवर, स्वतःच्या चाकांवर उभी पाहिजे. एक कोपरा जॅकवर ठेवून बोल्ट आवळले तर तो पीळ गाडीत कायमचा कोंडला जातो. बोल्ट आधी सगळे हाताने, मग टॉर्क रेंचने क्रमाने, आणि काहीशे किलोमीटरनंतर पुन्हा एकदा. मग अँटिरोल बार नव्याने सेट करतो. बॉडी ताठ झाल्यावर आधी निष्प्रभ असलेला बार अचानक काम करायला लागतो आणि वळणात गाडीचा तोल बदलतो. हे न करता गाडी हातात देणं मला पटत नाही.

काही कामांना आम्ही नाही म्हणतो. अपघातात चेपण्यासाठीच ठेवलेला गाडीचा पुढचा भाग बारने जखडून ठेवायचं काम आम्ही घेत नाही. गंजलेल्या सिलवर ब्रेसिंग करत नाही. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने सिलवर ठोकत गेलं की चांगला पत्रा खणखणतो, सडलेला बसक्या आवाजात बोलतो. असं दिसलं तर आधी पत्राकाम. मागे एक गिऱ्हाईक मागच्या बारसाठी आलं होतं, वळणात मागचं टोक भरकटतं म्हणून. गाडी रॅम्पवर घेतली, मागच्या आर्मखाली (चाक बॉडीला जोडणारा दांडा) पहार घातली, तर आर्म बुशमध्ये, म्हणजे सांध्यातल्या रबरात, मोकळा हलला. रबर आतून फाटलेलं. बुश बदलले, अलाइनमेंट केलं आणि बार न घेताच ते खूश होऊन गेले. पुढच्या वर्षी मात्र त्यांनीच आणखी दोन गाड्या पाठवल्या.

सध्या आमचं लक्ष बॉडी डँपरकडे आहे. यामाहा असे डँपर बनवते. बॉडी जी सूक्ष्म हालचाल करते ती ते रोखत नाहीत, शोषून घेतात, त्यामुळे कंपन लवकर विरतं आणि गाडी उगाच कडक होत नाही. आमचा जिग स्थिर वजनावर चालतो, त्यात याचा फायदा दिसत नाही. म्हणून भाऊ आता बॉडीला ठरावीक वेगाने हलवणारी यंत्रणा जुळवतो आहे. तोपर्यंत येणाऱ्यांना एवढंच सांगतो: टायर, बुश, शॉक आणि अलाइनमेंट ठीक करून या, आणि गाडी कोणत्या वळणात, आत शिरताना, मधे की बाहेर पडताना खटकते ते लिहून आणा. गाडी जिगवर चढवायच्या आधी मी तो कागद वाचतो.