आमची वाटचाल : पावशेरवाली गिऱ्हाइकं

कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरच्या एका बोळात वडिलांनी १९८८ साली गाडीच्या रंगाचं दुकान टाकलं. तेव्हा गिऱ्हाईक म्हणजे पेंटर. ट्रकची बॉडी, वडापच्या जीपा, एखादी अँबॅसिडर. रंग चार लिटरच्या डब्यानं जायचा आणि पैसे वहीत राहायचे. दिवाळीच्या तोंडावर वडील वही उघडायचे, समोरचा पेंटर वहीकडं न बघता चहा प्यायचा आणि नवी उधारी घेऊन जायचा. गाडीमालकाच्या नकळत पेंटरला द्यायचं कमिशन वेगळंच. या धंद्यात 'आम्ही कमिशन देत नाही' म्हणणारा दुकानदार एक तर नवा असतो, नाहीतर खोटं बोलत असतो. आम्हीही दिलंय.

मी २००६ पासून गल्ल्यावर बसतो. घरी स्वतःची गाडी रंगवायला निघालेल्या हौशी लोकांना वडील 'पावशेरवाले' म्हणायचे. पाव लिटर रंग, दोन पॉलिश पेपर आणि पन्नास प्रश्न. त्यांना गोड बोलून वाटेला लावायचं, हे मी वडिलांकडूनच शिकलो.

२०१२ च्या जुलैत बँकेतला एक कारकून आला. त्याचे वडील त्याच वर्षी गेलेले, मागं त्यांची बजाज चेतक राहिलेली. चेतकचं उत्पादन केव्हाच थांबलं होतं. "पेंटरकडं देणार नाही, रंग मीच मारणार," म्हणाला. मी एनसी (नायट्रोसेल्युलोज, झटपट वाळणारा रंग) प्रायमर, एनसी निळा आणि सगळ्यात स्वस्त थिनर दिलं. अडगळीतली एक जुनी स्प्रे गन आणि छोटा कॉम्प्रेसर भाड्यानं दिला. कुठं मारणार, कधी मारणार, एका शब्दानं विचारलं नाही. चूक माझीच.

रात्री नऊला फोन. "साहेब, निळ्यावर पांढरा भुरका आलाय. भेसळीचा रंग दिला काय?" भेसळ कसली, बाहेर धो-धो पाऊस आणि हा पत्र्याच्या शेडमध्ये गन चालवतोय. स्वस्त थिनर झपाट्यानं उडतं, उडताना पत्रा गार करतं, आणि हवेतली ओल त्या गार रंगावर बसते. तोच भुरका. दोन दिवसांनी उघडीप मिळाल्यावर मी सावकाश उडणारं रिटार्डर घेऊन त्याच्या घरी गेलो. थिनरमध्ये ते घालून एका डिकीवर पातळ हात मारला. भुरका विरघळला, निळा वर आला. मग गन त्याच्या हातात दिली. पठ्ठ्या गन एकाच जागी धरून उभा! लगेच ओघळ. तो थिनरचं फडकं घेऊन पुसायला धावला, तेव्हा मी त्याचं मनगट धरलं. ओल्या ओघळाला हात लावला की एका ओघळाचे चार होतात. तो वाळू द्यायचा, मग ६०० नंबरच्या वॉटर पेपरनं पाण्यात घासून सपाट करायचा, आणि पुन्हा हात मारायचा.

ती चेतक काही शोरूमसारखी झाली नाही. पायदानाजवळची पुट्टी अजून दिसते. पण त्या माणसानं पुढच्या वर्षभरात सात गिऱ्हाइकं धाडली. सगळी पावशेरवाली, सगळी रोख. वडिलांनी वर्षअखेरीला हिशेब पाहिला, चष्मा काढला आणि एवढंच म्हणाले, "बरं हाय की."

तेव्हापासून डबा द्यायच्या आधी आम्ही प्रश्न विचारतो. गाडी कुठं रंगवणार? गन कसली? आणि सगळ्यात महत्त्वाचं, अंगावरचा जुना रंग कुठला? तो पाहायला थिनरमध्ये बुडवलेलं फडकं आतल्या बाजूला थोडा वेळ घासायचं. रंग फडक्याला लागला तर एनसी, सुरकुतला तर एनॅमल, काहीच झालं नाही तर टू-के, म्हणजे हार्डनर मिसळून कडक होणारा. एनॅमलवर थेट एनसी मारलं की आख्खा रंग उचलतो आणि माणूस दुकानदाराला शिव्या घालतो. त्या शिव्या आम्ही खाल्ल्यात. शिवाय मूळ रंगच बदलणार असाल तर आरसीवर नोंद लागते, हेही सांगतो. लाल गाडी काळी करून झाल्यावर हे ऐकलेलं कुणालाच आवडत नाही.

पेंटर मंडळी भडकली, ते साहजिक होतं. "तुम्ही लोकांना शिकवाय लागला, आम्ही काय भजी तळायची काय?" असं एका जुन्या पेंटरनं भर दुकानात सुनावलं. चार महिने तो फिरकला नाही. परत आला तो एका पावशेरवाल्याची जीप घेऊन. गंज काढणं, पुट्टी, घासकाम मालकानं तीन रविवार खपून केलेलं, शेवटचे दोन हात तेवढे पेंटरकडं. घासकाम कुणालाच आवडत नाही, पेंटरला तर नाहीच. आज आमची बरीच कामं अशी अर्धी-अर्धी होतात.

२०१९ च्या ऑगस्टमधल्या महापुरानंतर दुकानात रांग लागली. चिखली, आंबेवाडीकडच्या गाड्या दिवसेंदिवस पाण्यात होत्या. आम्ही बहुतेकांना रंग न देता परत पाठवलं. गाळ पत्र्याच्या जोडांत बसलेला, वरून रंग मारला तर आतून गंज खात राहणार. आधी गाडी उघडा, धुवा, उन्हात खडखडीत वाळवा, मग या. सगळेच परत आले नाहीत. शेजारच्या दुकानदारानं मला वेड्यात काढलं, आणि त्या महिन्याचं भाडं भरताना मलाही ते पटलं होतं.

नोटबंदी, जीएसटी सगळ्यांनी भोगलं, त्यात नवीन काही नाही. रंगावरचा कर २०१८ च्या जुलैत २८ वरून १८ टक्क्यांवर आला तेव्हा जुन्या भावाचा माल मात्र आमच्या फळीवर होता.

२०२० च्या टाळेबंदीनंतर पावशेरवाले दुप्पट झाले. जो तो एन-९५ लावून यायचा आणि "मास्क आहे की" म्हणायचा. तो मास्क घासकामाची धूळ अडवतो, थिनरची वाफ नाही. टू-के रंगाच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. ते फुप्फुसात गेलं की दमा लागू शकतो, आणि एकदा लागला की पुढं जरासाही वास सोसत नाही. कोळशाचं काडतूस असलेला मास्कही त्याला पुरेसा नाही. कारखान्यात बाहेरची स्वच्छ हवा देणारा मास्क वापरतात. म्हणून बंद खोलीत मारणार असाल तर टू-के आम्ही विकत नाही. वाद घालणाऱ्याला समोरचं दुकान दाखवतो.

मापाची गंमत सांगायची राहिली. चारास एक म्हणजे चार भाग रंगाला एक भाग हार्डनर. लोक ते अंदाजानं ओततात आणि रंग आठवडाभर चिकट राहतो. आम्ही प्लॅस्टिकच्या ग्लासांवर मार्करनं रेघा मारून द्यायला लागलो. मग सीपीआर रुग्णालयातल्या एक सिस्टर आल्या. त्यांनी आमचा ग्लास बाजूला सारला आणि पर्समधून सिरिंज काढली. गच्चीवर, उघड्या हवेत, पहाटेच्या शांत वाऱ्यात त्यांनी मारलेलं क्लिअर (रंगावरचा पारदर्शक थर) आमच्या पेंटरनं बोट फिरवून बघितलं आणि विचारलं, "ह्ये कुणी मारलं वं?"

भाड्याची ती जुनी गन अजून चालते, नोझल मात्र तिसरं. भाडं घेणं केव्हाच बंद केलं, फक्त आत थिनर मारून धुऊन आणायची अट आहे. सध्या ती पन्हाळ्याच्या एका पोराकडं आहे. आज्याची राजदूत काढलीय त्यानं. काल रात्री साडेदहाला फोन आला, टाकीवर ओघळ आलाय, काय करू?

"फडकं कुठंय तुझं?"

"हातात हाय."

"खाली ठेव, आणि झोप जा."