बॅग-मास्क कुलपात आणि मुली लेबर रूमच्या दारात

जन्मल्यावर न रडणाऱ्या बाळाला पहिल्या मिनिटाच्या आत श्वास मिळाला पाहिजे. जीएनएमच्या (नर्सिंग-मिडवायफरी डिप्लोमाच्या) मुलींना हे शिकवणं अवघड नाही. अवघड आहे ते कपाट उघडून घेणं, आणि त्याचा राग अजून गेलेला नाही.

आमच्या स्किल लॅबमध्ये बाळाचं मॅनिकिन (सरावाचा पुतळा) आहे, अम्बू बॅग (हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी) आहे, मास्क आहेत. सगळं काचेच्या कपाटात, इन्स्पेक्शनला दाखवण्यासाठी. बाहेर काढायचं तर इंडेंट, म्हणजे सामानाची लेखी मागणी, आणि इंडेंटवर प्राचार्यांची सही. सही मिळाली तर स्टोअरकीपर रजेवर. ते परतले तेव्हा म्हणाले, "मॅडम, डेड स्टॉकला नोंद आहे. खराब झालं तर भरणार कोण? तुम्ही चार्टवर शिकवा ना." चार्टवर छाती वर येताना दिसते का? तोवर मुलींचं लेबर रूमचं पोस्टिंग तोंडावर आलं होतं. शेवटी प्राचार्यांना लेखी दिलं: सरकारच्या नवजात शिशु सुरक्षा कार्यक्रमात नोकरीतल्या सिस्टरांनासुद्धा मॅनिकिनवर हात बसवायला लावतात, मग आमच्या मुलींनी नुसतं बघायचं का? सोबत पोस्टिंगचं वेळापत्रक जोडलं, सामान माझ्या नावावर मागितलं. त्या अर्जावर किल्ली मिळाली. तुम्हीही रोजचा इंडेंट करू नका. पूर्ण पोस्टिंगपुरतं एकदाच हातपावतीवर घ्या.

पुसणं, पाठ चोळणं, मान किंचित मागे ठेवणं मुलींनी पटकन उचललं. अडलं मास्कपाशी. एक मुलगी जीव खाऊन बॅग दाबत होती आणि छाती हलत नव्हती. तिला दाबायचं थांबवलं. मास्क हनुवटीच्या टोकापासून नाकापर्यंत बसवला, डोळ्यांवर येऊ दिला नाही, जबडा खालून उचलायला लावला. मग हलक्या दाबानेही छाती वर आली. तिचा चेहरा बघून माझी सगळी चिडचिड उतरली. "दाब, दोन, तीन" असं मोठ्याने म्हणायला लावा, म्हणजे मिनिटाला 40 ते 60 श्वासांची लय आपोआप सापडते.

हो, आणि सुरुवातीलाच करायचं ते इथे आठवलं: मास्कच्या तोंडावर तळहात लावून बॅग दाबून बघा. हाताला दाब लागला पाहिजे आणि जास्त दाबल्यावर व्हॉल्व्ह उघडल्याचा आवाज आला पाहिजे. कपाटात वर्षानुवर्षं पडलेल्या बॅगेचं रबर चिकटलेलं असू शकतं.

इंडेंटमध्ये नुसतं "मास्क" लिहू नका. शून्य (लहान) आणि एक (मोठा), दोन्ही नंबर लिहा, नाहीतर एकच हातात पडतो.