काका, जरा पाय सोडा

जॉब कार्डावर तक्रार एका ओळीची: 'गिअर बदलताना झटके.' गाडी एएमटी, म्हणजे क्लच पेडल नसलेली एक प्रकारची ऑटोमॅटिक, वॉरंटीतली, आणि मालक गिअरबॉक्सच बदलून मागत होते. स्कॅनर लावला, एकही फॉल्ट कोड नाही. स्वतः चक्कर मारून आलो, गाडी अगदी मऊ. तसं सांगितल्यावर काका आणखीच भडकले. साहजिक आहे. 'गाडीत काही नाही' हे गिऱ्हाइकाला 'तुम्ही खोटं बोलताय' असंच ऐकू येतं. म्हटलं, आता तुम्ही चालवा, मी शेजारी बसतो.

रस्ता सोडून मी त्यांचा उजवा पाय बघत होतो. अ‍ॅक्सिलरेटर एकदा दाबला की दाबलेलाच. पहिल्याचा दुसरा पडताना दोघांच्याही माना पुढे, गिअर पडला की मागे. आधीची गाडी कुठली विचारलं, तर सीव्हीटी, म्हणजे दुसऱ्या प्रकारची ऑटोमॅटिक. मग उलगडा झाला. त्यात ठरावीक गिअरच नसतात, ओढ सलग मिळते. एएमटीत मात्र आत साधा मॅन्युअल गिअरबॉक्स आणि तीच कोरडी क्लच प्लेट. फक्त क्लच दाबायला आणि गिअर पाडायला माणसाऐवजी यंत्र, म्हणजे अ‍ॅक्च्युएटर. गिअर पडेपर्यंत चाकांना ताकद जातच नाही. मॅन्युअलवर क्लच दाबताना आपण पाय उचलतोच ना, तसाच इथेही उचलायचा, पण जरासा. ''इंजिनाचा आवाज चढला की पाय सैल सोडा, गिअर पडला की हळू दाबा.'' थोड्या वेळात माना हलायच्या थांबल्या.

खरी काळजी पुढेच होती. चढावर सिग्नल लागला आणि काकांनी ब्रेकला हात न लावता, म्हणजे पाय न लावता, अ‍ॅक्सिलरेटरवरच गाडी तोलून धरली. जळका वास यायला लागला. झटके परवडले, हे नाही. क्लच अर्धवट पकडीत घासत राहतो आणि प्लेट तापते. अशा करपलेल्या प्लेटा मी बऱ्याच उतरवल्यात. त्यांना हँडब्रेक ओढायला लावला. सुटताना अ‍ॅक्सिलरेटर हळू दाबायचा, गाडीनं ओढ घेतली की हँडब्रेक सोडायचा.

परतताना ओव्हरटेकचं त्यांनीच काढलं. पाय खोल दाबला की गाडी आधी गिअर उतरवते, म्हणजे हवी तेव्हाच क्षणभर ओढत नाही. म्हणून लिव्हर 'एम'वर, म्हणजे मॅन्युअल मोडवर घ्यायचा, एक गिअर आधीच खाली आणायचा, मग गाडी बाहेर काढायची. लांब उतारावरही तेच, म्हणजे इंजिन ब्रेकिंग मिळतं.

''एवढं सगळं मीच करायचं, तर ऑटोमॅटिक घेतली कशाला?'' काका म्हणाले.

''डाव्या पायासाठी.''