कळा किती सोसायच्या, हे मी ठरवलं

सातव्या महिन्यात एका संध्याकाळी मी घरात सांगून टाकलं, "बाळंतपणात मी एपिड्युरल घेणार आहे." म्हणजे कळा कमी व्हाव्यात म्हणून पाठीतून देतात ती भूल. सासूबाई गप्प राहिल्या. बोलली ती माझी आईच. "कळा सोसल्याशिवाय का कुणी आई होतं? आणि पाठीत सुई म्हणजे जन्माची कंबरदुखी."

यातल्या कंबरदुखीबद्दल डॉक्टरांना विचारता येत होतं. पहिल्या वाक्याचं काय करायचं, ते मात्र कळेना. सोसणं म्हणजे पुण्य, ओरडणं म्हणजे लाज, हे इतक्या लहानपणापासून कानावर पडलेलं असतं की पुढे ते आपलंच मत वाटायला लागतं. मलाही वाटायचं. शोधायला लागले तेव्हा समजलं की हा वाद फार जुना आहे. १८४७ मध्ये एडिंबरात डॉ. जेम्स सिम्प्सन यांनी बाळंतिणींना भूल म्हणून आधी ईथर आणि मग क्लोरोफॉर्म दिलं, तर धर्माच्या नावाने येणाऱ्या आक्षेपांना उत्तर म्हणून त्यांना त्याच वर्षी पुस्तिका लिहावी लागली. १८५३ मध्ये व्हिक्टोरिया राणीने आठव्या बाळंतपणात क्लोरोफॉर्म घेतलं.

आईला राणीचं काही पडलेलं नव्हतं. मी विचारलं, "तुझ्या वेळी तुला काही दिलं होतं का गं?" ती बराच वेळ हातातल्या कपड्याची घडी घालत राहिली. "मला कुणी विचारलंच नाही. ओरडले तर सिस्टर रागावली." हे तिने मला तोवर कधीच सांगितलं नव्हतं.

नवव्या महिन्यात भूलतज्ज्ञांना भेटायला मी तिलाच सोबत नेलं. सगळ्यांना हेच सांगेन: ही भेट कळा सुरू व्हायच्या आधी घ्या, कळांमध्ये कुणाचंच बोलणं डोक्यात शिरत नाही. डॉक्टरांनी चित्र काढून दाखवलं. मज्जारज्जू कमरेच्या वरच्या भागातच संपतो. सुई त्याच्या खाली, दोन मणक्यांमधल्या फटीतून मज्जातंतूंभोवतीच्या आवरणाच्या बाहेरच्या जागेत जाते. मग सुई काढून घेतात आणि बारीक नळी तेवढी राहते. कायमची कंबरदुखी त्यातून येत नाही, सिझरची शक्यताही वाढत नाही. पण जोर लावायचा टप्पा लांबू शकतो, रक्तदाब उतरू शकतो, अंगाला खाज सुटू शकते, ताप येऊ शकतो, लघवीला नळी घालावी लागू शकते. साधारण शंभरात एकीला आवरणाला छिद्र पडून नंतर तीव्र डोकेदुखी होते. रक्त पातळ करणारी औषधं चालू असली किंवा प्लेटलेट फार कमी असल्या, तर बहुधा देता येत नाही. त्यांनी काहीच लपवलं नाही, म्हणून माझा विश्वास बसला. आईने तीन प्रश्न विचारले. तिन्ही माझ्यापेक्षा चांगले होते.

माझ्या मावसबहिणीने चालत, कोमट पाण्याने कंबर शेकत, काहीही न घेता बाळंतपण केलं. तिला तसंच हवं होतं, आणि तिचा तो निर्णय मला माझ्याइतकाच मोलाचा वाटतो.

माझ्या कळा रात्री सुरू झाल्या. पहाटेपर्यंत दोन कळांमध्ये श्वास घ्यायला जेमतेम उसंत उरली. कुणीतरी म्हणालं, "एवढं सोसलंस, आता थोडंच राहिलंय." त्या क्षणी मी डगमगले. वाटलं, आता मागितलं तर आधीचं सगळं वाया जाईल. मग आईच म्हणाली, "तू ठरवलं होतंस ना? सांग त्यांना."

पलंगाच्या कडेला बसून, उशी कवटाळून, हनुवटी छातीला लावून मी पाठीचा बाक केला. जंतुनाशकाचा गार ओघळ कमरेवरून उतरला. "कळ आली की सांगा, मी थांबेन," डॉक्टर म्हणाल्या, आणि खरंच थांबल्या. आधी दाब जाणवला, मग डाव्या पायात क्षणभर वीज चमकल्यासारखं झालं, आणि चिकटपट्टी लागली. दर पाच मिनिटांनी रक्तदाब बघत होते. वीसेक मिनिटांनी पोटावर बर्फ टेकवून विचारलं, "गार लागतंय?" उजवीकडे नाही, डावीकडे लागत होतं, म्हणजे तिथे औषध नीट पोचलं नव्हतं. मला डाव्या कुशीवर वळवून आणखी औषध दिलं, मग दोन्ही बाजू सारख्या झाल्या. दात वाजेपर्यंत थंडी भरली. तरी मी दोन तास झोपले.

जोर लावताना दाब कळत होता, कळ नीट कळत नव्हती. सिस्टर पोटावर हात ठेवून "आता" म्हणायच्या. तासाभराहून जास्त लागलं. बाळ छातीवर ठेवलं तेव्हाचा त्याचा ओला, गरम, वजनदार स्पर्श मला लख्ख आठवतो.

बघायला आलेल्या एक बाई म्हणाल्या, "तुला काय कळणार बाळंतपण!" मी खूप दुखावले. सासूबाई, ज्या इतके महिने बोलल्या नव्हत्या, त्या शांतपणे म्हणाल्या, "तिचंच बाळ आहे ना ते."

दुसऱ्या दिवशी आईने पाठीवरची जागा दाखव म्हटलं. चिकटपट्टीचा लालसर चौकोन होता आणि मधोमध टाचणीएवढा ठिपका. तिने त्यावर हलकेच बोट ठेवलं. "एवढंच?" म्हणाली.